शहराची फेरी, शेवटी आमच्या घरी कॉफी

९ मार्च, शनिवार

पहिली फेरी पार पडली. पाच जणांनी नावं दिली होती, तिघं आली. पुलावर वारा इतका होता की माझं बोलणं मलाच ऐकू येत नव्हतं. पाठ केलेली निम्मी वाक्यं पोटातच राहिली. एका बाईची टोपी नदीत गेली आणि तिचा नवरा खूप वेळ हसत राहिला. त्याच्या हसण्यावर ती चिडली, मग मीही हसले, आणि त्यानंतर सगळं सोपं झालं.

मी नोकरी करायचे ते वाचनालय बंद झालं तेव्हा मला वाटलं होतं, आता आपण म्हाताऱ्या होणार. मुलगी, फेन्ना, लायडनला शिकायला गेलेली, नवरा, रिनुस, बंदरात पाळीवर, आणि मी खिडकीत. पाहुण्यांना शहर दाखवायची कल्पना सुचली ती त्या खिडकीतच. रिनुस म्हणाला होता, "रॉटरडॅम बघायला कोण येणार? इथे माल येतो, माणसं नाहीत." आज संध्याकाळी मात्र त्याने दोनदा विचारलं, लोकांना आवडलं का.

इंटरनेटवरच्या माझ्या पानावर मी लिहिलं आहे: जुनं शहर कुठे आहे, असं आम्हाला विचारू नका. ते महायुद्धात बॉम्ब पडून एका दुपारी जळलं आणि त्यावर आम्ही फार बोलत नाही. तिरक्या पिवळ्या घरांचे फोटो काढायचे असतील तर तुमचे तुम्ही जा, मी तिथे नेत नाही. नदीखालच्या बोगद्यात लाकडी सरकत्या जिन्यावर सायकलवाल्यांच्या मध्ये येऊ नका, ते शिव्या देतील आणि त्यांचं बरोबर असेल. फेरी काटेनड्रेख्तला संपते, आमच्या घरी, कॉफी आणि सफरचंदाच्या केकवर.

घरी बोलावण्यावरून वरच्या मजल्यावरची झुल्मिरा मला बोलली. ती आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवरची, नवरा जहाजावर आचारी होता, तो गेला आणि ती इथेच राहिली. म्हणाली, "परक्यांना केक, आणि मी इतक्या वर्षांची शेजारीण, मला एक बिस्किट देऊन डब्याचं झाकण लावतेस."

आज तिला केक नेऊन दिला. म्हणाली, साखर कमी आहे.

६ एप्रिल, शनिवार

आठ जण. योस्त नावाचा एक जण दुसऱ्यांदा आला. चाळिशीचा, मऊ बोलणारा, दक्षिणेतल्या ब्राबांतकडचा असावा. मागच्या वेळी वाऱ्यामुळे अर्धं ऐकूच आलं नाही, म्हणून परत आलो, म्हणाला. मला फार बरं वाटलं. पुस्तक आवडलं म्हणून तेच पुन्हा नेणारे वाचक मला वाचनालयातही सगळ्यांत जवळचे वाटायचे.

घरी आल्यावर मी नेहमीप्रमाणे खिडकीतून कंटेनरचे लोखंडी डबे घेऊन जाणारे पडाव दाखवले. सांगितलं की या डब्यांपैकी कुठला डबा कुठल्या रांगेत, कितव्या थरावर ठेवायचा हे माझा नवरा समुद्राच्या तोंडाशी एका खोलीत बसून ठरवतो. एकाही डब्याला हात लावत नाही. हे सांगताना मला नेहमी अभिमान वाटतो. बाकीचे प्रश्न विचारत होते, योस्तला मात्र बंदरात रस दिसला नाही. लग्नाला किती वर्षं झाली, मुलगी काय शिकते, लांब राहिली की काळजी वाटते का, असं घरगुती विचारत होता. सगळ्यांच्या कपबश्या त्याने पुसल्या. मी नको म्हणाले, पण ऐकेना, शेवटी फडकं दिलं.

संडासातून बाहेर येताना तो म्हणाला, "तुमच्याकडेही कॅलेंडर तिथेच." सगळे हसले. लिस्बनची एक मुलगी होती, तिला कळेना की वाढदिवसांचं कॅलेंडर कोणी संडासात का टांगेल. मी म्हटलं, अगं, तिथे बसलं की आपसूक वाचलं जातं, कोणाचा वाढदिवस विसरत नाही. आमच्या कॅलेंडरवर निम्मी अक्षरं माझ्या आईची आहेत. फेन्नाच्या नावापुढे तिने जन्माचं वर्षही लिहिलं होतं, हौसेने.

हे पानावर घालायला हवं: या देशात कोणाच्या घरी गेलात तर ते कॅलेंडर वाचा. घरात कोण कोणाचं आहे ते तिथे कळतं.

२३ एप्रिल, मंगळवार

रिनुसने पुढच्या खोलीला पडदे लावले.

वीस वर्षांत आम्ही लावले नव्हते. या गल्लीत कोणीच लावत नाही. दिवा लावायचा, टेबलावर फुलं ठेवायची, आणि जाणाऱ्याने बघितलं तर बघितलं. मी विचारलं, लोक काय म्हणतील, आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे? म्हणाला, ऊन डोळ्यांवर येतं. आमची खिडकी उत्तरेची आहे.

झुल्मिरा खाली उतरून आली आणि दारातूनच म्हणाली, "कोण वारलं?" मी म्हटलं कोणी नाही. "मग पडदा कशाला? मी वर येता-जाता तुमची भांडणं बघायची, आता काय बघू?"

रिनुस हसला नाही. एरवी तो तिच्याशी टक्कर घेतल्याशिवाय राहत नाही.

तो जेवत नाही नीट. गाडी दोन गल्ल्या सोडून लावतो. मी विचारलं की म्हणतो, जागा नव्हती.

३ मे, शुक्रवार

फेन्ना वीस वर्षांची झाली. ती सकाळच्या गाडीने आली. केस कापून टाकलेत, मानेवरून हात फिरवावासा वाटत होता, ती फिरवू देत नाही. मैत्रिणी, रिनुसची बहीण, झुल्मिरा. खुर्च्या गोल मांडल्या, प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन केलं. लिस्बनच्या त्या मुलीला हेही विचित्र वाटलं असतं, की वाढदिवस एकीचा आणि हात सगळ्यांशी मिळवायचे.

लायडनला कोणीतरी फेन्नाच्या सायकलला फुगा बांधून ठेवला होता आणि साखळीला तेलही घातलं होतं. मैत्रिणी तिला चिडवत होत्या. "असा मिळाला तर मीही करीन लग्न," झुल्मिरा म्हणाली, "माझ्या नवऱ्याने कधी कढईलाही तेल घातलं नाही धड."

त्याआधीची एक गोष्ट. मी आणि रिनुस गाडीतून घडीच्या खुर्च्या आणत होतो. छोटं कुत्रं घेऊन एक माणूस जात होता, आमच्यापाशी थांबला. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "मुलीबद्दल अभिनंदन. वीस, नाही का?" मग रिनुसचा हात हातात घेतला. मला वाटलं, याच्या ओळखीचा. मी म्हटलं, आत या ना, केक आहे. तो म्हणाला, "नको, आज घरच्यांचा दिवस." किती समंजस, असं माझ्या मनात आलं.

तो वळणावर दिसेनासा झाला तसा रिनुसने हातातली खुर्ची उघडली आणि भर फुटपाथवर तिच्यावर बसला. मी म्हटलं, चक्कर आली का? त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुठे राहते ते तो आठवतोय.

कोण होता तो, विचारलं. "कामावरचा," म्हणाला.

५ मे, रविवार

संडासातलं कॅलेंडर नाही. मला वाटलं खिळा निघाला. रिनुस म्हणाला, फाडलं.

मी ओरडले. इतक्या वर्षांत इतकं ओरडले नव्हते. आईचं अक्षर होतं त्यावर, मेलेल्या माणसांचे वाढदिवसही मी खोडले नव्हते. तो शांतपणे म्हणाला, "तुझ्या लोकांपैकी आत कोण कोण गेलं होतं?" मी म्हटलं, सगळे, कॉफी पितात, जातात. त्यावर तो हसायला लागला, आणि ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

मग म्हणाला, फेऱ्या बंद कर. पान काढून टाक.

याचं मला खरं वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्याच्या पाळ्यांभोवती माझा दिवस बेतला. आता माझं म्हणून काही उभं राहिलं तर ते त्याला सलतं. मी नाही म्हणाले. त्याने पुन्हा विचारलंही नाही, हेही मला लागलं.

२८ मे, मंगळवार

मोज्यांच्या खणात एक दुसरा फोन सापडला. शोधत नव्हते, खरंच मोजे ठेवत होते.

झुल्मिराला सांगितलं, कारण दुसरं कोण आहे. तिने बराच वेळ भांडं घासलं. मग म्हणाली, "बाई असली की पुरुष दाढी करतो. तुझा आठवडाभर करत नाही. बाई नाही ही."

मग काय असेल?

"ते मला माहीत नाही. पण माझा नवरा बोटीवर असताना असा दिसला होता एकदा. विचारलं तर म्हणाला, तुला कळलं की तूही माझ्यासारखी होशील."

मी रिनुसला फोनबद्दल विचारलं. त्याने तो माझ्या हातून घेतला, अगदी हळू, सुरी घ्यावी तसा.

६ जून, गुरुवार

ठरवलं, की आता मीच काहीतरी केलं पाहिजे. तो आजारी आहे. मन आजारी असलं की माणूस पडदे लावतो, रागावतो, झोपत नाही. शनिवार-रविवार त्याची पाळी आहे. मी म्हटलं, बदलून घे, समुद्रावर जाऊ. "ही बदलता येणार नाही," म्हणाला. चारदा विचारलं, चारदा तेच. त्या खुर्चीवर जणू त्याच्याशिवाय कोणी बसूच शकत नाही.

म्हणून मी गेरितला फोन केला. त्याचा साहेब, पण आमच्या लग्नात नाचलेला माणूस. त्याला म्हटलं, रिनुस बरा नाही, तो स्वतः कधीच सांगणार नाही. गेरित म्हणाला, "बरं झालं केलास, मलाही दिसतंय. मी दुसरा माणूस बसवतो. त्याला दारातून परत पाठवीन, मग काय करील?"

फोन ठेवल्यावर खूप हलकं वाटलं. लग्न म्हणजे कधीकधी दुसऱ्याच्या वतीने थांबणं.

८ जून, शनिवार. डोम्बुर्ग

गेरितने शब्द पाळला. काल दुपारी रिनुस घरी आला तेव्हा भिंतीसारखा पांढरा होता. सोमवारपर्यंत त्याचं कार्ड चालणार नाही. गेरितला दोन वेळा फोन केला, विनवण्या केल्या, गेरित हसून म्हणाला, बायकोला फिरायला ने.

मी खोली आधीच ठरवली होती. आज दिवसभर आम्ही वाळूत बसलो. शिंपले खाल्ले, म्हणजे मी खाल्ले. त्याने समुद्राकडे तोंड केलं होतं. तो दुसरा फोन कोटात वाजत राहिला, त्याने घेतला नाही. दुपारी वाजायचा थांबला. मला वाटलं, चला, विश्रांती लागू पडतेय.

परतताना त्याने माझा हात धरला. फेन्ना कुठे असेल आत्ता, म्हणाला. मी म्हटलं, वीस वर्षांची मुलगी शनिवारी कुठे असणार. तिला फोन कर, म्हणाला. केला. ती मैत्रिणींबरोबर होती, वैतागली. त्याने फोन कानाला लावला आणि काही न बोलता तिचा आवाज ऐकला.

११ जून, मंगळवार

बातम्यांत फार वाईट ऐकलं. बंदरात एका रिकाम्या डब्यात दोन पोरगे सापडले. डब्यांत लपवलेलं कोकेन काढायला पाठवतात ना टोळ्या, तशातले. आत लपून बसले होते, आणि रविवारी कोणीतरी दुसरा डबा त्यांच्या दाराला भिडवून ठेवला. दार उघडेना. एक जिवंत आहे. दुसरा एकोणीस वर्षांचा, इथलाच, दक्षिणेकडचा. त्याची आई टीव्हीवर दिसली. ती रडत नव्हती. आतून किती वेळ ठोकलं असेल त्याने, एवढंच विचारत होती.

मी रडले. रिनुस मोरीत ओकत होता. मला वाटलं शिंपले, पण शिंपले तर त्याने खाल्ले नव्हते.

नंतर स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "गेरितला कोणी सांगितलं मला बरं नाही म्हणून?"

मी म्हटलं, मी.

तो जवळ आला. मी खुर्चीवर होते, त्याने माझं डोकं पोटाशी धरलं, आणि बराच वेळ सोडलं नाही. "हे कोणाला सांगू नकोस," म्हणाला. बायकोने रजा मागितली याची पुरुषांना लाज वाटते. मी म्हटलं, नाही सांगत.

१३ जून, गुरुवार

सगळं सांगितलं त्याने. सकाळी, धुतलेल्या कपांसमोर उभा राहून.

एप्रिलमध्ये गाडीपाशी दोन माणसांनी गाठलं. त्यांच्याकडे आमच्या घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि वाढदिवस होता. फेन्नाच्या खोलीच्या दाराचा फोटो होता. एकच काम: एक रिकामा डबा खालच्या थरात, कुंपणाजवळ, सोमवारपर्यंत हलवायचा नाही, त्याच्या दारापुढे दुसरा डबा येऊ द्यायचा नाही. आत माणसं आहेत हे त्याला माहीत नव्हतं, म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, माहीत होतं.

मग दार कसं बंद झालं, मी विचारलं. "संगणकाने केलं," म्हणाला. "आपोआप."

आमची नावं त्यांना कशी कळली, हे मी विचारणार होते आणि विचारता विचारता थांबले. योस्त. मी त्याला फडकं दिलं होतं. कॅलेंडर वाचा, असं मीच पानावर लिहिलं होतं, आणि लोकांना ते आवडलंही होतं.

मी म्हटलं, गप्प राहू. कोणाला कळणार नाही. फेन्ना आहे. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं, त्या आईचा चेहरा टीव्हीवर पाहून दोन दिवसही झाले नव्हते. लिहून ठेवते आहे, कारण नंतर मी स्वतःला दुसरंच काही सांगेन.

रिनुस म्हणाला, "काल त्यांनी पुढच्या डब्याचं विचारलं."

१४ जून, शुक्रवार

पोलिसांकडे गेलो. फेन्नाला त्यांनी परीक्षेच्या वर्गातून उचलून आणलं.

रिनुसला खूप विचारलं. एक तरुण बाई होती, सौम्य, पण एकही गोष्ट सोडत नव्हती. शनिवारची रजा कोणी मागितली, तिने विचारलं. रिनुस म्हणाला, मीच, अंग दुखत होतं. मी बाजूलाच बसले होते. फोन मी केला होता, पण इतक्या प्रश्नांत माणूस विसरणारच. गेरितला विचारतील तेव्हा कळेलच त्यांना. त्या बाईने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

फेन्ना बाकड्याच्या टोकाला. "मी काय केलं?" एवढंच म्हणाली. मी तिच्या मानेवर हात ठेवला. तिने काढला नाही, म्हणजे तिला किती भीती वाटत असेल.

घरी परत जायचं नाही, म्हणाले. झुल्मिराला निरोपही द्यायचा नाही. ती खाली येऊन दार वाजवेल, पडदा बघेल. उद्याच्या फेरीला सहा जणांनी नावं दिली आहेत, ते पुलाच्या तोंडाशी उभे राहतील. मी ते पान पोलिसांसमोर बसून पुसलं. एक बटण दाबलं की सगळं जातं.

दिवस लिहायचा नाही, गावही नाही

लिहूच नका, असं सांगितलंय. पण वाचणारं कोणी नाही आणि मला बोलायला कोणी नाही.

लहान गाव आहे. रिनुसचा खटला लागेपर्यंत आम्ही इथे, मग तो तुरुंगात आणि आम्ही आणखी कुठेतरी. आम्हाला नवी नावं आहेत. रिनुसला माझ्या नव्या नावाने हाक मारायला जमत नाही, म्हणून तो हाकच मारत नाही. फेन्ना जिन्यावर बसते. खोलीतही नाही, बाहेरही नाही. गेरितचा जबाब घेतला, असं कळलं. रिनुस त्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "तू झोपतेस ना नीट?" मी म्हटलं, हो. मला तो इतका जपतो आहे की कधीकधी राग येतो. मी काय काचेची आहे?

आज समोरच्या घरातली बाई झाडाची कुंडी घेऊन आली. लालबुंद गालांची, बडबडी. मी तिला आत घेतलं नाही, दारातच उभी केली, तिने ते मनावर घेतलं नाही. कुठल्या बेकरीत जायचं आणि कुठल्या नाही, कचऱ्याची गाडी कधी येते, चर्चमागची वाट पावसात का टाळायची, कुठल्या म्हाताऱ्याशी बोलायला लागलं की सुटका नाही, सगळं सांगितलं. छान सांगत होती. कुठे थांबायचं, कुठे पुढे जायचं, तिला बरोबर कळत होतं. मला तिच्याबरोबर गाव बघावंसं वाटलं.

मग तिने विचारलं, तुम्ही कुठल्या? मी पढवलेल्या गावाचं नाव सांगितलं.

"अय्या, म्हणजे रॉटरडॅमच्या जवळच की. आम्ही गेलो होतो एकदा, नवऱ्याला हौस. मला काही कळलंच नाही तिथे. नुसत्या काचा आणि काँक्रीट. काय बघतात लोक?"

जिन्यावर फेन्नाने मान वर केली. ती माझ्याकडे बघत होती. इथे आल्यापासून पहिल्यांदाच सरळ बघत होती.

"आम्ही कधी गेलो नाही तिकडे," मी म्हणाले.

"मग काही गमावलं नाहीत तुम्ही," ती बाई म्हणाली, आणि कुंडीला पाणी किती घालायचं ते सांगू लागली.